मन लागत का नाही? ओढ, गोडी आणि डोपामिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. मेंदूचा धडा आला की पेंगणारी मुलंही सावरून बसतात आणि तास संपल्यावर टेबलाभोवती गर्दी होते. अभ्यासाला बसवत नाही, मोबाईल सुटत नाही, भाऊ दारू सोडत नाही, आजी खुर्चीतून उठायलाच तयार नाही. प्रश्न वेगवेगळे, पण उत्तर शोधायला गेलं की आपण दर वेळी मेंदूतल्या एकाच यंत्रणेपाशी पोचतो. रिवॉर्ड सिस्टीम या नावानेच ती आता सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मीही तेच नाव ठेवलं आहे. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि माझी उत्तरं अशी:

रिवॉर्ड सिस्टीम म्हणजे मेंदूचा कुठला भाग?

तो एकच एक भाग नाही. तिला वाट म्हणणं जास्त बरोबर. वाट सुरू होते मध्यमेंदूत, कवटीच्या अगदी आत. तिथे व्हेंट्रल टेगमेंटल एरिया नावाचा पेशींचा लहानसा पुंजका आहे. या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि आपल्या लांब तंतूंवाटे ते पुढे पोचवतात. काही तंतू न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स नावाच्या गाठीत जातात, काही कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, काही भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडे. याच पुंजक्याच्या शेजारी डोपामिन बनवणाऱ्या पेशींचा आणखी एक समूह आहे, सबस्टॅन्शिया नायग्रा. त्या पेशी मरू लागल्या की पार्किन्सन्सचा आजार होतो. हे शेजारपण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांतल्या डोपामिन बनवणाऱ्या जेमतेम ४ ते ६ लाख. पण एकेका पेशीच्या तंतूला इतके फाटे फुटतात की ती लाखाच्या घरात जोडण्या सांभाळते. गावात पाणी सोडणारा माणूस एकच असतो, तरी त्याने चावी फिरवली की आळीआळीत हंडे वाजायला लागतात, तसं.

हिचा शोध कसा लागला?

नेम चुकल्यामुळे. १९५३ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरात, मॅकगिल विद्यापीठात, जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर हे दोघे उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून सौम्य वीज देत होते. त्यांना पोचायचं होतं जागेपणाशी संबंधित भागात. एका उंदराच्या मेंदूत तार भलतीकडेच गेली. त्या उंदराला टेबलाच्या ज्या कोपऱ्यात वीज मिळाली, त्या कोपऱ्याकडे तो सारखा परत जाऊ लागला. मग त्यांनी उंदरांनाच एक दांडी दिली, दाबली की वीज मिळेल अशी. तारेची जागा नेमकी असेल तर उंदीर तासाला हजारहून जास्त वेळा ती दांडी दाबत. १९५४ साली हे प्रसिद्ध झालं आणि मेंदूतलं ‘सुखाचं केंद्र’ सापडलं अशी हवा झाली.

मला या शोधाचं अतोनात कौतुक आहे, पण हे नाव मात्र फार घाईने दिलं गेलं. उंदीर दांडी दाबतोय एवढंच दिसत होतं. त्याला सुख होतंय हे आपण गृहीत धरलं.

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन ना?

नाही. हे पान लिहायला घेतलं ते मुख्यतः या एका उत्तरासाठी.

मराठीत दोन फार नेमके शब्द आहेत: ओढ आणि गोडी. एखाद्या गोष्टीकडे आपण खेचले जातो, ती मिळवण्यासाठी हातपाय हलवतो, ती ओढ. ती मिळाल्यावर जिभेला, मनाला जे बरं वाटतं, ती गोडी. रोजच्या जगण्यात दोन्ही हातात हात घालून येतात, त्यामुळे त्या एकच आहेत असं वाटतं. मेंदूत त्यांची घरं वेगळी आहेत, आणि डोपामिनचं काम मुख्यतः ओढीचं आहे.

हे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी उंदरांवर दाखवलं. गोड चाखल्यावर उंदीर, माकड आणि तान्हं बाळ साधारण सारखंच तोंड करतात, ओठ चाटतात, जीभ बाहेर काढतात. कडू लागलं तर तोंड वेंगाडतात. बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ पूर्ण नष्ट केलं. ते उंदीर समोर अन्न असूनही त्याकडे जाईनात. नळीने भरवलं नसतं तर उपाशी मेले असते. मग साखरेचं पाणी थेट त्यांच्या तोंडात सोडलं, आणि त्यांनी नेहमीसारखेच ओठ चाटले. गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. हा शोधनिबंध १९८९ चा. पुढे १९९५ मध्ये सिअ‍ॅटलला रिचर्ड पामिटर यांच्या प्रयोगशाळेत डोपामिन बनवूच न शकणारे उंदीर जन्माला घातले गेले. ते जेमतेम महिनाभर जगले. डोपामिन ज्यापासून बनतं ते एल-डोपा टोचलं की मात्र ते उठून खात.

पुस्तकात हे वाचण्याआधी मी ते घरी पाहिलं होतं. माझ्या आईला पार्किन्सन्स होता. आयुष्यभर स्वयंपाकघरात रमलेली बाई दिवसभर खिडकीशी बसून राहायची. भूक लागली असं म्हणायची नाही, काही हवं असं सांगायची नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, हिने आता मनच सोडलंय. पण पुरणपोळीचा तुपात बुडवलेला तुकडा तोंडात घातला की तिचा चेहरा उजळायचा आणि ती म्हणायची, ‘वेलदोडा जरा जास्त झालाय.’ चव तशीच होती. हात पुढे करायला लावणारं मेंदूतलं बळ संपलं होतं. ‘मन सोडलंय’ हे शब्द तिला ऐकू जात होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग गोडी मेंदूत कुठे असते?

न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्समध्येच, पण त्यातल्या अगदी छोट्या जागांत. उंदरात अशी एक जागा जेमतेम एक घन मिलिमीटरची आहे. तिथे मेंदू स्वतः तयार करत असलेली अफूसारखी रसायनं काम करतात. ओढीची वाट लांबरुंद आणि गोडीची जागा चिमुकली, अशी आपली रचना आहे. एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं इतकं सोपं आणि मिळाल्यावर तृप्त होणं इतकं अवघड का, याचं थोडं उत्तर मला यात दिसतं.

या सगळ्या संशोधनाचा आपल्याकडच्या मातीशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो वर्गात सांगताना मला दर वेळी भरून येतं. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी वनस्पती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तिच्या मुळांचा रक्तदाबावरचा उपयोग मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळांतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं केलं गेलं.

हेच रेसर्पिन स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांनी सशांना एल-डोपा टोचलं आणि काही मिनिटांत ससे उठून चालू लागले. रेसर्पिनमुळे पेशींना डोपामिन साठवून ठेवता येत नाही. साठा रिकामा होतो आणि जनावर बसल्या जागी थिजतं. तोवर डोपामिन म्हणजे दुसरं एक रसायन बनवण्याच्या वाटेवरची पायरी, असंच मानलं जाई. ते स्वतःच मेंदूतला निरोप्या आहे हे १९५७-५८ च्या या कामातून पुढे आलं. पार्किन्सन्सवर एल-डोपा देण्याची कल्पना इथूनच निघाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

आणि हे एल-डोपा? ज्या खाजकुइलीच्या शेंगांना लहानपणी आपण घाबरायचो, तिच्या बियांत ते भरपूर असतं. १९३७ सालीच मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्या बियांतून वेगळं काढलं होतं.

बक्षीस मिळालं की डोपामिन वाढतं, हे तरी खरं का?

अर्धं खरं. वुल्फ्राम शुल्ट्झ हे स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबूर विद्यापीठात माकडांच्या डोपामिन पेशी एकेक करून ऐकत होते. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी जोरात धडधडत. मग रसाच्या आधी एक खूण दाखवायला सुरुवात केली. माकडाला खुणेचा अर्थ कळल्यावर पेशी खुणेलाच धडधडू लागल्या आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा गप्प राहिल्या. आता खूण दाखवून रस दिलाच नाही तर? रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींची नेहमीची मंद टिकटिकही थांबली.

म्हणजे या पेशी मिळालेलं मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये हा हिशेब गणितात बसवून दाखवला.

दिवाळीच्या बोनसचं उदाहरण घ्या. पहिल्या वर्षी न सांगता पाच हजार हातात पडले तर माणूस मिठाईचा पुडा घेऊन घरी जातो. तिसऱ्या वर्षी तेच पाच हजार आले की काही वाटत नाही. चौथ्या वर्षी चार हजार आले तर चार हजार मिळूनही तोंड उतरतं. २०१४ साली लंडनच्या संशोधकांनी मोबाईलवरच्या एका खेळातून १८,४२० जणांना खेळता खेळता विचारलं की आत्ता तुम्हाला किती बरं वाटतंय. लोकांचं उत्तर एकूण किती कमावलं यावर ठरत नव्हतं. नुकतंच अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी, यावर ठरत होतं.

हा फरक मेंदूचा शिक्षक आहे. अंदाज बरोबर आला तर शिकण्यासारखं काही उरत नाही, चुकला तर पुढचा अंदाज सुधारायचा.

काम करायचंय, पण उठवत नाही. हा आळस आहे का?

‘आळशी’ हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. ‘इच्छा आहे’ आणि ‘कष्ट परवडतील असं मेंदूला वाटतंय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात जॉन सलामोन यांनी उंदरांपुढे दोन रस्ते ठेवले. एकीकडे थोडं खाणं, सहज मिळणारं. दुसरीकडे भरपूर खाणं, पण वाटेत चढून जायला उंच जाळी. धडधाकट उंदीर जाळी चढून जातात. न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्समधलं डोपामिन कमी केलेले उंदीर सोप्या बाजूला वळतात. त्यांची भूक मेलेली नसते, खाणं आवडतही असतं. चढ मात्र नकोसा होतो. जाळी काढून टाकली की हेच उंदीर पुन्हा जास्त खाण्याकडे जातात.

माणसांवरचा एक प्रयोग २०१२ चा आहे. सोपं काम निवडलं तर कमी पैसे. अवघड काम म्हणजे नेहमी न वापरत्या हाताच्या करंगळीने २१ सेकंदांत १०० वेळा बटण दाबायचं, त्याचे पैसे जास्त, पण मिळतीलच याची खात्री नाही. खात्री कमी असतानाही जे अवघड काम घेत होते, त्यांच्या मेंदूच्या स्ट्रायटम (न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स ज्यात मोडतो तो मोठा भाग) आणि प्रीफ्रंटल भागांत डोपामिनचा प्रतिसाद जोरकस होता. अवघड काम कमी वेळा निवडणाऱ्यांत तो इन्सुला नावाच्या दुसऱ्याच भागात जास्त होता.

झोप पुरी नसेल, रक्तात लोह कमी असेल, थायरॉइड मंद असेल किंवा अंगात कुठे दाह चालू असेल, तरी चढ जास्त उंच वाटू लागतो. फ्लूनंतर आठवडाभर साधी बादली उचलायचा कंटाळा येतो, तो याच जातीचा. आपल्याकडे बायकांत रक्ताची कमतरता किती सर्रास आहे! हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय कुठल्याही सुनेला किंवा मुलीला आळशी म्हणू नये, असं मी वर्गात स्वच्छ सांगते.

अभ्यासासाठी मुलांना बक्षीस कबूल करावं का?

थांबून विचार करून. १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी मुळातच चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी तारा आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र देऊ. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंगीत पेनं पुन्हा ठेवली. आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत घालवत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती.

म्हणून ज्याला गोष्टींची पुस्तकं मुळातच आवडतात, त्याला पुस्तकामागे दहा रुपये लावू नका. आवडत नसलेलं, कंटाळवाणं काम सुरू करून द्यायला, म्हणजे पाढ्यांना किंवा दात घासण्याला, छोटं बक्षीस चालतं. दहावीत नव्वद टक्के मिळाले तर सायकल, हा आपल्याकडचा लाडका करार मात्र मला पटत नाही. बक्षीस वर्षभर लांब, मिळेल की नाही ते मुलाच्या पूर्ण हातात नाही, आणि हुकलं तर मार्कांबरोबर सायकलही गेली. परीक्षा झाली की निकालाआधीच सायकल आणावी, वर्षभर खपल्याबद्दल.

स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. दोन वर्षं झाली, आता पुस्तक उघडावंसंच वाटत नाही.

हा प्रश्न विचारणारी मुलं माझ्यासमोर रडली आहेत. म्हणून आधी हे सांगते, की तुझ्यात काही खोट नाही. लांबच्या बक्षिसाची किंमत मेंदू कमी धरतो, आणि जाहिरात कधी निघेल, निकाल कधी लागेल हेच ठाऊक नसेल तर आणखी कमी. वर एकदा-दोनदा अपेक्षाभंग झाला असेल तर ‘या खुणेनंतर काही मिळत नाही’ हे मेंदू शिकूनही बसतो. माकडाच्या थांबलेल्या टिकटिकीसारखंच.

उपयोगी पडेल असं एक निरीक्षण आहे. उंदीर ठरलेल्या जागी खाण्याकडे निघाला की जसजसं अंतर कमी होतं तसतसं त्याच्या स्ट्रायटममधलं डोपामिन चढत जातं, हे २०१३ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या गटाने दाखवलं. जवळ येत चाललेलं ध्येय ओढ वाढवतं. ‘अधिकारी व्हायचं’ हे ध्येय रोज तितकंच लांब राहतं. ‘दुपारच्या जेवणाआधी राज्यघटनेची पाच कलमं न बघता लिहायची’ हे तासाभरात जवळ येतं. पूर्ण झालं की वहीवर खूण करा. ही गोष्ट पोरकट वाटते, पण काम करते.

दुसरं, धड्याला हात घालण्याआधी स्वतःला प्रश्न विचारा आणि उत्तराचा अंदाज बांधा. कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात, ज्या प्रश्नांचं कुतूहल वाटलं त्यांची उत्तरं तर लोकांच्या लक्षात राहिलीच, शिवाय वाट पाहताना मध्येच दाखवलेले अनोळखी चेहरेही जास्त लक्षात राहिले. कुतूहल जागं असताना ही डोपामिनची वाट आणि आठवणींचा हिप्पोकॅम्पस दोन्ही एकदम कामाला लागलेले होते.

आणि अभ्यासिकेच्या बाहेरही काहीतरी असू द्या, जिथे आठवड्याच्या आठवड्याला हातात काही पडतं. शिकवणी घ्या, अर्धवेळ काम करा, ढोलताशा पथकात जा.

रील्स बघताना बोट थांबतच नाही. का?

कारण पुढचं काय येईल ते माहीत नसतं. वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकातच दाखवलं होतं की दर वेळी दाणा मिळणारं कबूतर दाणे बंद झाले की लवकर थांबतं, पण कधी तिसऱ्या टोचणीला, कधी तिसाव्या टोचणीला दाणा मिळणारं कबूतर थकेपर्यंत टोचत राहतं. शुल्ट्झ यांच्या गटाने २००३ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. रस मिळण्याची शक्यता अर्धीअर्धी असते तेव्हा वाट पाहण्याच्या काळात डोपामिन पेशींची चढण सगळ्यात जास्त होते.

मटक्याचा आकडा एकाने हुकला की माणूस ‘जवळ आलो होतो’ म्हणतो आणि पुन्हा लावतो. हुकलेला डाव हरलेलाच असतो. पण थोडक्यात हुकणं मेंदूच्या याच भागाला जिंकण्यासारखंच चाळवतं, असं जुगाराच्या यंत्रांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. रील्समध्ये पैसे जात नाहीत, वेळ जातो. तासाभराने फोन ठेवताना किती रील्स खरंच आवडल्या ते आठवून बघा. ओढ पुरेपूर होती, गोडी दोन-तीन वेळाच आली.

मग ‘डोपामिन डिटॉक्स’ करावा का?

डोपामिन हे विष नाही, ते धुऊन काढायचं नसतं. एक दिवस फोन, गोडधोड, गाणी बंद केल्याने मेंदूतलं डोपामिन ‘रीसेट’ होत नाही, आणि खरंच शून्यावर आलं तर काय होतं ते वर उंदरांचं वाचलंतच. फोनपासून दूर राहण्याचा फायदा होतो, तो खुणा नजरेआड गेल्यामुळे. त्यासाठी उपवास लागत नाही, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तरी पुरे. आणि गाणी कशाला बंद करायची? आवडत्या गाण्यात अंगावर काटा येतो तेव्हा डोपामिन स्रवतं, आणि तो क्षण यायच्या आधी वाट पाहतानाही स्रवतं, हे २०११ साली त्याच मॅकगिल विद्यापीठात मोजलं गेलं आहे. तान समेवर यायच्या आधीची आपली घालमेल म्हणजे हेच असणार, असं मला वाटतं.

किशोरवयात मुलं एवढे धोके का पत्करतात?

ओढीची यंत्रणा या वयात ऐन भरात असते आणि तिला आवर घालणारा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स विशी उलटल्यानंतर काही वर्षांनी पुरता तयार होतो. शिवाय मित्र बघत असले की ती आणखी चेतते. गाडी चालवण्याच्या संगणकावरच्या खेळात एकटी असताना सावध खेळणारी मुलं मित्र पाहताहेत कळल्यावर जास्त सिग्नल तोडू लागली. मोठ्या माणसांवर तसा परिणाम झाला नाही. दुचाकीवर तिघं बसले की का धडकी भरावी, ते यातून कळतं.

व्यसनी माणसाला दारू इतकी आवडते का, की घरदार दिसत नाही?

बरेच जण सांगतात की आता मजा येत नाही, तरी पाय तिकडेच वळतात. रॉबिन्सन आणि बेरिज यांनी १९९३ साली मांडलं ते हेच, की नशेच्या पदार्थाने ओढीची यंत्रणा दिवसेंदिवस हळवी होत जाते आणि गोडी मात्र वाढत नाही, उलट कमी होते. अमेरिकेतल्या नोरा व्होल्को यांच्या मेंदूचित्रणांत व्यसनी माणसांच्या स्ट्रायटममध्ये डोपामिनचा एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची डोपामिन टिपणारी जागा), डी-टू, कमी झालेला दिसला. मग संध्याकाळचं ऊन, मुलाचं बोलणं अशी रोजची सुखं फिकी पडतात आणि ओळखीचा गुत्ता, ठरलेला मित्र, पगाराचा दिवस या खुणा मात्र कमालीच्या ठळक होतात.

‘इच्छाशक्ती नाही’ असं म्हणून घरातल्या माणसाला सोडून देऊ नका. खुणांपासून दूर राहायला, आणि जुन्या जागी परत येऊन टिकायला मदत लागते. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत ही मदत मिळते. पुन्हा घसरण झाली तर तीही आजाराचाच भाग समजून परत न्यायचं.

काय खाल्लं तर डोपामिन वाढेल? खाजकुइलीचं चूर्ण घ्यावं का?

डोपामिन टायरोसिन या द्रव्यापासून बनतं. ते डाळी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे यांत असतं. पोटभर साधं जेवणाऱ्या माणसाला ते पुरेसं मिळतं, जास्त खाल्ल्याने उत्साह वाढत नाही. थेट डोपामिन घेऊन उपयोग नाही, ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. एल-डोपा शिरतं. म्हणूनच खाजकुइलीचं चूर्ण ‘ताकदीसाठी’ मनाने घेऊ नये. त्यात खरं औषध आहे आणि किती आहे ते डब्यावरून कळत नाही. पार्किन्सन्सच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय अजिबात नको.

कंटाळा आणि नैराश्य यांत फरक कसा ओळखायचा?

आवडत्या गोष्टींतलाही रस गेला, रोजची कामं अडली, झोप-भूक बिघडली आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर डॉक्टरांना भेटा. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

वडिलांना पार्किन्सन्सची औषधं सुरू केल्यापासून ते सारखी लॉटरीची तिकिटं आणतात. संबंध असेल का?

असू शकतो. याबद्दल लाजू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. प्रामिपेक्सोलसारखी काही औषधं डोपामिनचं सोंग घेऊन काम करतात. हातपाय मोकळे होतात, पण शेजारची ओढीची वाटही चेतते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ३,०९० रुग्णांच्या पाहणीत जुगार, बेफाम खरेदी, अनावर खाणं किंवा लैंगिक अनावरपणा यांपैकी काही ना काही १३.६ टक्के जणांत आढळलं. सबंध आयुष्य पै-पै जपलेला माणूस असा वागू लागला की घरच्यांना तो चारित्र्याचा दोष वाटतो. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, औषध बदलू शकतात. गोळी मनाने एकदम बंद करणं मात्र धोक्याचं आहे.

आमच्या घरच्या रुग्णाला काही करावंसंच वाटत नाही. आम्ही काय करावं?

डॉक्टरांना हे वेगळं सांगा, कारण तपासणीच्या दहा मिनिटांत हाताची थरथर दिसते, ही मरगळ दिसत नाही.

घरी, ‘तुला काय हवंय?’ हे विचारणं मी फार उशिरा थांबवलं. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आतून जी ओढ लागते तीच आईकडे नव्हती, आणि उत्तर सुचलं नाही की ती आणखी खचायची. बाहेरून खूण मिळाली की तिला सुरू करता यायचं. म्हणून वेळा ठरवल्या. सकाळी दहाला रेडिओ, चारला ओसरीवर चहा. विचारण्याऐवजी वस्तू तिच्या हातात द्यायची. हिवाळ्यात तिच्या मांडीवर ताट ठेवून मटारच्या चार शेंगा पुढ्यात टाकायचे आणि शेजारी बसून एक शेंग मी सोलायची. दोन-तीन मिनिटं काही व्हायचं नाही. मग तिचा अंगठा शेंगेच्या शिवणीवर जायचा. चार झाल्या की मी आणखी मूठभर टाकायचे. अर्धा किलो मटार संपायला दीड तास लागायचा आणि तेवढ्या वेळात ती तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल बोलायची.